चूक सचिवताईंची, की ॲपची?



परवा एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. सचिवताईंनी एका सभासदाचा हप्ता मोबाईलमधल्या ॲपवर भरला. पण कर्जाची बाकी कमी होईना. लगेच कुजबूज सुरू झाली. ‘तूच काहीतरी भलतं दाबलं असशील,’ असंही कोणी म्हणालं. ताईंचा चेहरा उतरला. नोंदवही काढून ताळा केला, तर ताईंची नोंद बरोबर. ॲप आदल्या दिवशीच अपडेट झालं होतं, गडबड तिथे होती.

गटात पैशापेक्षा विश्वास मोठा. म्हणून आज आपण बघू, की ॲप तयार होताना ते तपासतात कसं आणि आपल्या हातात येतं कसं.

उडदाचे पापड करताना आपण आधी पीठ चाखतो. मग एकच पापड लाटून भाजून बघतो. खार जास्त झाला असेल तर तिथेच कळतं. सगळे पापड वाळवून पुडे बांधल्यावर कळलं, तर सगळा माल अंगावर पडतो.

सॉफ्टवेअरचंही पूर्वी बरेचदा असंच व्हायचं. कितीतरी महिने काम करायचं आणि तपासणी शेवटी. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात या कामातले १७ जाणकार एकत्र जमले. थोडं थोडं करा, वापरणाऱ्याला दाखवा, तिचं ऐकून बदला, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. या पद्धतीला ‘अजाईल’, म्हणजे चपळ, असं नाव पडलं. यात बरेचदा दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत काम करतात. अशा फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात. त्या फेरीत जेवढं तयार होतं, तेवढं तेव्हाच तपासायचं.

आता आपल्या हप्त्याचंच उदाहरण घेऊ.

पहिली तपासणी एकेका तुकड्याची. ५,००० रुपयांवर महिना २ टक्के व्याज १०० रुपयेच येतं ना? रकमेच्या जागी चुकून अक्षर टाकलं तर ॲप अडवतं ना?

दुसरी जोडकामाची. हप्ता भरला की बाकी कमी झाली का? गटाच्या शिलकीत तेवढीच रक्कम वाढली का?

तिसरी सगळ्या ॲपची. जुन्या, स्वस्त फोनवर चालतं का? रेंज गेली तर नोंद टिकते का?

चौथी तपासणी फार महत्त्वाची. नवीन घालताना जुनं बिघडलं नाही ना? आमच्या सचिवताईंची अडचण याच जातीची. काल चालणारी गोष्ट आज बंद पडली. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुन्या तपासण्याही पुन्हा कराव्या लागतात.

एवढं झालं की ॲप खऱ्या वापरणारीच्या हातात देऊन बघतात. करणाऱ्यांनी आपसात वापरून बघायची ती ‘अल्फा’ आणि बाहेरच्या मोजक्या लोकांना दिलेली ती ‘बीटा’ आवृत्ती. मग सगळ्यांसाठी खुलं करतात, तेही बरेचदा टप्प्याटप्प्याने. प्ले स्टोअरवर अपडेट आधी थोड्या टक्के लोकांनाच देता येतं आणि गडबड दिसली तर पुढचं वाटप थांबवता येतं. म्हणून कधी शेजारणीला अपडेट येतं, आपल्याला येत नाही.

हा टप्पा गाळला तर काय होतं? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या अमेरिकन कंपनीने संगणकाच्या सुरक्षेचं एक छोटं अपडेट जगभर एकदमच पाठवलं. त्यातली चूक कंपनीच्या तपासणीतून निसटली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. विमानं रखडली. आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर अशी अपडेट टप्प्याने पाठवायची, असं कंपनीने ठरवलं.

म्हणजे मोठ्या कंपन्याही चुकतात. मग आपण काय करायचं?

अपडेट टाळू नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. पण बैठकीच्या ऐन वेळी अपडेट करू नका. अपडेटनंतर दोन-तीन सभासदांची बाकी वहीशी ताडून बघा. वही बंद करायची घाई नको.

चूक दिसली तर ‘ॲप चालत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तारखेसह लिहून कळवा. स्क्रीनचा फोटो जोडा, पण खातेक्रमांक झाकून. आणि तपासणीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितला तर मुळीच देऊ नका.

आमच्या सचिवताईंनी असंच लिहून पाठवलं आहे. त्या दिवशी हप्ता भरणारीची पावती त्यांनी हाताने लिहून दिली आणि बैठक पुढे सुरू झाली.

मैत्रिणींनो, आकडा जुळला नाही तर आधी बाईला बोल लावू नका. आधी वही उघडा.