तारीख आधी की तयारी?

घरातल्या मुलाने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकले असेल, तर त्याच्या आवृत्तीचा आकडा एकदा बघा. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती देऊ हा शब्दच त्या आकड्यात आहे.

उबुंटू ज्या डेबियनवर उभे आहे, त्याने असा शब्द कधी दिला नव्हता. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते तयार करतात. कामाचा पगार नाही, त्यामुळे कुणावर हुकूमही चालत नाही. तयार होईल तेव्हा देऊ, एवढेच उत्तर. जुलै २००२ मध्ये एक आवृत्ती आली आणि पुढची उजाडायला जून २००५ लागला. तोवर बाजारात नवी यंत्रे आली होती आणि भरवशाची म्हणून घेतलेली आवृत्ती शिळी झाली होती.

एवढा उशीर आळसामुळे होत नाही. वलीम्याची तारीख ठरली नसेल, तर पाहुण्यांची यादी वाढतच जाते, तसेच हे. पुढची आवृत्ती कधी येणार ते ठाऊक नसले, की प्रत्येकाला आपली सुधारणा याच वेळी घालायची असते. नव्या सुधारणेबरोबर नव्या चुका येतात, त्या काढेपर्यंत आणखी कुणी काही आणून ठेवतो. तारीख ठरलेली असली, की राहिलेले काम सहा महिन्यांनी घेऊ म्हणता येते.

पण तारखेचाही हट्ट धरू नये. २००६ साली उबुंटूची एप्रिलमधली आवृत्ती सहा आठवडे लांबवली गेली, ६.०४ होणार होती, ती ६.०६ झाली. घरच्या संगणकांवर तीन आणि सर्व्हरवर पाच वर्षे सांभाळायची अशी ती त्यांची पहिलीच आवृत्ती होती. इतकी वर्षे वापरायच्या वस्तूला सहा आठवडे जास्त दिले, हे माझ्या मते योग्यच झाले.

डेबियनने २००९ मध्ये यातला मधला मार्ग धरला, आणि मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तारीख बांधली ती आवृत्ती देण्याची नव्हे, भर घालणे थांबवण्याची. याला ते 'फ्रीझ' म्हणतात. त्यानंतर नवे काही घ्यायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या आणि गंभीर चुकांची यादी संपत आली की आवृत्ती द्यायची. २०११, २०१३, २०१५, असे करत २०२५ पर्यंत दर दुसऱ्या वर्षी ती आली आहे.

घरासाठी उबुंटू घ्यायचे तर सम वर्षाच्या एप्रिलमधली, एलटीएस लिहिलेली आवृत्ती घ्यावी. तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. मुलाला या कामात हातभार लावायचा असेल, तर फ्रीझचा काळ चांगला. तेव्हा नवा कोड कुणी मागत नाही. आपल्या यंत्रावर काय बिघडते ते नीट लिहून कळवणारा माणूस हवा असतो.