परदेशांतील उमेदवारी

कचेरींत, छापखान्यांत किंवा वैद्याकडे प्रथम बिनपगारीं राहून काम शिकण्याची जी रीत आपल्याकडे होती, तिला 'उमेदवारी' म्हणत. विश्वविद्यालयांतील विद्यार्थी आज ज्या 'इंटर्नशिप'साठीं परदेशीं जातात, ती बव्हंशीं हीच होय. अभ्यासक्रम चालू असतां, अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीं कांहीं महिने प्रत्यक्ष काम करावयाचें, एवढाच तिचा अर्थ.

तिचें मोल कशानें ठरतें, हें एका वर्धेकराच्या चरित्रावरून कळेल. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमार्गें अमेरिकेस गेले. देशाचें स्वातंत्र्य हा त्यांचा ध्यास. म्हणून तेथें त्यांनीं लष्करी शिक्षण घेतलें, आणि ओरेगन येथील कृषि महाविद्यालयांत शेतकीचाही अभ्यास केला. घरचा पैसा पाठीशीं नव्हता. मजुरी करावी व तिच्यावर शिकावें, असा क्रम होता. कष्टकऱ्याच्या जिण्याची ओळख त्यांना पुस्तकांबरोबरच झाली.

१९२४ सालीं ते मेक्सिकोंत गेले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयांत अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवरील त्यांचें संशोधन विख्यात आहे. परंतु त्याहूनही मोठें कार्य म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं काढलेल्या विनामूल्य शेतकी शाळा. दिएगो रिव्हेरा या चित्रकारानें तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवर, पंक्तींत बसून भाकरी वाटणाऱ्या पुरुषास खानखोज्यांचा चेहरा दिला आहे. ब्रिटिशांच्या रोषामुळें उघडपणें मायदेशीं येणें त्यांना स्वातंत्र्यानंतरच शक्य झालें. १९६७ सालीं नागपुरास ते निवर्तले.

आज आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या कास्तकाराचा मुलगा वा मुलगी अशी संधि साधूं म्हणेल, तेव्हां घरच्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. पहिला: काम कोणाच्या हाताखालीं, आणि दिवसभर करावयाचें काय? नुसते कागद लावावयाचे असतील, तर ते येथेंही लावतां येतात. दुसरा: विद्यावेतन मिळणार, कीं उलट शुल्क भरावयाचें, आणि व्हिसांत काम करण्याची मुभा आहे काय? वावर गहाण टाकून प्रमाणपत्र विकत घेणें, ही उमेदवारी नव्हे. तिसरा: शिकलेलें पुढें कोणाच्या उपयोगीं पडेल?

खानखोजे एका देशांत शिकले, दुसऱ्या देशांत तें ज्ञान वापरलें, आणि तेंही शुल्क भरूं न शकणाऱ्यांसाठीं. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलांना आज देतां आलें नाहीं, तरी चालेल. जातांना तो प्रश्न मात्र त्यांनीं बरोबर न्यावा.