वाडा हलतो तेव्हा

पुण्याच्या नारायण पेठेत वाडा म्हटलं की दिंडीदरवाजा, चौक, सागवानी खांब. केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर तसल्याच एका लहान वाड्यात मी वाढलो. धनगरांच्या बोलीत मात्र वाडा म्हणजे चालता संसार : मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, माणसं. दिवाळीच्या सुमारास नगर, पुणे, सातारा जिल्ह्यांच्या कोरड्या तालुक्यांतून असे वाडे कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

शाळेच्या वयात गुरं हाकणारी माणसं मला भेटली ती पडद्यावर. लक्ष्मी रस्त्यानं चालत अलका टॉकीज गाठायची, तिथं इंग्रजी सिनेमे लागत. हॉवर्ड हॉक्सचा ‘रेड रिव्हर’ (१९४८) मी पुष्कळ पुढं पाहिला. टेक्सासमधून हजारो गुरं कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत न्यायची, वाटेत बुजलेला कळप, नदी, बंडाला उठलेले गडी. डिक रिचर्ड्सच्या ‘द कलपेपर कॅटल कंपनी’त (१९७२) डामडौल कमी आहे. भटारखान्यात हाताखाली लागलेल्या पोराच्या नजरेतून तो प्रवास दिसतो आणि मला तोच अधिक खरा वाटतो. दोन्हींत वाटेच्या शेवटी बाजार आहे, गुरं विकली की मोहीम संपते.

आपल्याकडचा असा सिनेमा भाऊराव कऱ्हाडे यांनी वडिलोपार्जित जमीन विकून केला. ‘ख्वाडा’ २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. ख्वाडा म्हणजे खोडा, आडकाठी. शशांक शेंडे यांनी उभा केलेला रघू कऱ्हे हा बाप जमीन वनखात्याकडे गेल्यापासून मेंढरं घेऊन फिरतो आहे. भाऊसाहेब शिंदे यांचा बाळू अंगानं पैलवान, त्याला लग्न करून एका जागी राहायचं आहे. इथं बाजार गाठून सुटका नाही. ज्या गावच्या शिवारात उतरावं तिथल्या दांडग्यांची मर्जी सांभाळायची आणि सकाळी मेंढरं मोजायची. पडद्यावर मी पाहिलेल्या साऱ्या वाटांत ही मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण वैरी रानात दबा धरून बसलेला नाही; तो गावात मानानं राहतो.

पैसा बेताचा असल्याचा या चित्रपटाला फायदाच झाला, असं माझं ठाम मत आहे. माळ सजवलेला नाही, बोली धुऊन घेतलेली नाही. महावीर सब्बनवाल यांनी जागेवर टिपलेल्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कऱ्हाडे यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार. डोळे मिटले तरी आपण माळावरच असतो.

त्याआधी, १९९५ मध्ये, अमोल पालेकरांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी पडद्यावर आणली होती. तिथं दुष्काळ वस्ती उठवतो. मास्तर मागं उरतो. आपण बहुतेक त्या मास्तरच्या जागेवरूनच धनगर पाहिला. ‘ख्वाडा’नं आम्हा पेठेतल्या प्रेक्षकांना पहिल्यांदा वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, आत नेलं.

सिनेमा पाहिल्यानंतरच्या दिवाळीत दिवे घाटाच्या पायथ्याशी एक वाडा हलताना दिसला. म्हातारीनं वाघर काठीवर गुंडाळली. सुनेनं घोडीवर जातं, भांडी, घोंगडी लादली, वर कोंबड्या बांधल्या आणि रात्री जन्मलेलं कोकरू पिशवीत घालून खोगिराला अडकवलं, डोकं तेवढं बाहेर. बाप्ये मेंढरं घेऊन केव्हाच पुढं गेले होते. ट्रकच्या भोंग्यानं घोडी बिचकली, तशी सुनेनं तिचं तोंड छातीशी धरलं, कानाशी काहीतरी पुटपुटली आणि ट्रक जाईपर्यंत तशीच उभी राहिली.