फोटोतला हॉल आणि घरातला हॉल

विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घराचे फोटो काढायला गेलं की बहुतेक मालक आणि एजंट एकच मागणी करतात: ‘हॉल जरा मोठा दिसू द्या.’ नाशिकमध्ये मुंबई नाका ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात, त्यातही इंदिरानगरात, माझं बरंचसं काम चालतं. जुन्या इमारतींतले वन आणि टू बीएचके असोत, रो-हाऊस असोत की वडाळा-पाथर्डी रस्त्याकडच्या नव्या सोसायट्या, मागणी तीच. ती समजण्यासारखीही आहे. पण घराच्या फोटोबद्दलचे निम्मे गैरसमज तिच्यातूनच निघतात.

मुंबईत किंवा परदेशात नोकरी करणारा मुलगा आई-वडिलांसाठी इंदिरानगरात फ्लॅट शोधतो, तेव्हा तो मोबाईलवर ढीगभर घरं पाहतो, त्यातली तीन-चार निवडतो आणि एका सुट्टीत येऊन ती बघून जातो. फोटोत ऐसपैस वाटलेला हॉल प्रत्यक्षात दहा बाय चौदाचा निघाला, की त्याचा विश्वास दारातच जातो. घर चांगलं असलं तरी मग तो प्रत्येक भिंतीकडे संशयाने बघतो आणि भावाची बोलणीही त्याच संशयातून सुरू होतात. दहा बाय चौदाचा हॉल त्याच मापाचा, पण स्वच्छ, उजेडाचा आणि नीट दिसला, तर बघायला येणारा माणूस तेवढाच हॉल हवा असणारा असतो. माझ्या लेखी फोटोचं काम हेच.

गैरसमज : लेन्स जितकी वाइड, तितका फोटो चांगला

खोलीच्या कोपऱ्याला पाठ लावून उभं राहिलं, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींमधला कोन ९० अंशांचा असतो. अख्खी खोली त्या ९० अंशांत मावते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १८ मिमीची लेन्स आडव्या फोटोत बरोबर ९० अंश टिपते, २४ मिमीची सुमारे ७४. म्हणजे १८ च्या खाली गेल्यावर कोपऱ्यातून नवीन काहीच मिळत नाही; खांद्याजवळची भिंत, जास्तीची फरशी आणि जास्तीचं छत तेवढं फोटोत येतं. फोनमधला ०.५ चा कॅमेरा बहुतेक वेळा १३ मिमीच्या आसपासचा असतो. त्याच्या जाहिरातीतला १२० अंशांचा कोन आडवा नसून कर्णावर मोजलेला असतो.

याची किंमत फोटोच्या कडांना मोजावी लागते. भिंतींच्या रेषा सरळ ठेवणारी लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. ओट्याच्या टोकाला ठेवलेला गोल माठ १८ मिमीच्या फोटोत अगदी कडेला आला, तर उंचीच्या सुमारे १.४ पट रुंद दिसतो आणि १३ मिमीच्या फोटोत १.७ पट. जवळचा सोफा असा पसरतो आणि समोरची भिंत त्याच्यापुढे इवलीशी होऊन दूर गेल्यासारखी वाटते. ‘मोठा हॉल’ दिसतो तो या दोन गोष्टींमुळे, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

मी खोल्यांसाठी १८ ते २४ मिमीमध्ये राहतो. अगदी चार बाय सातच्या बाथरूममध्ये १६ पर्यंत उतरतो. फोनवर काढायचं असेल तर आधी साधा १x कॅमेरा वापरून दारातून एक आणि समोरच्या कोपऱ्यातून एक असे दोन फोटो घ्या. एका फोटोत अख्खी खोली बसवण्याचा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात. ०.५ वापरावाच लागला तर कडेला खुर्ची, कुंडी, माणूस काही ठेवू नका. आणि फोटोखाली खोलीची मापं लिहा.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दलही असाच एक समज आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोन थोडा खाली झुकवून फोटो काढला, की भिंती खाली निमुळत्या होत जातात आणि कपाट पडेल की काय असं वाटतं. फोन साधारण चार फुटांवर, पूर्ण सरळ धरा. स्क्रीनवर ग्रिड चालू करून दाराची चौकट तिच्या उभ्या रेषेशी जुळवा. स्वयंपाकघराचा ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो, त्यामुळे चार फुटांवरून त्याचा वरचा भागही थोडासा दिसतो आणि गॅस, सिंक कुठे आहे ते कळतं.

गैरसमज : घर पूर्वमुखी आहे, म्हणून फोटो सकाळीच

हे मला जवळजवळ प्रत्येक कामात ऐकावं लागतं. फ्लॅटच्या बाबतीत पूर्वमुखी म्हणजे मुख्य दार पूर्वेला. ते दार जिन्याच्या लॉबीत उघडतं, तिथे ऊन येतच नाही. हॉलची खिडकी आणि बाल्कनी मात्र पश्चिमेला किंवा दक्षिणेला असू शकते, आणि आतला उजेड ठरतो तो तिच्यावरून. म्हणून वेळ ठरवताना दाराची दिशा विचारू नका, खिडकीची विचारा.

खिडकीतून थेट ऊन आत येत असताना आतले फोटो काढू नयेत. फरशीवर पांढराफटक चौकोन पडतो आणि बाकी खोली काळी राहते. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारनंतर, पश्चिमेची असेल तर सकाळी नऊ ते अकरा, असा उलटा हिशेब धरावा. दक्षिणेच्या खिडकीला ऋतू बघावा लागतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४६–४७ अंशांवरच असतो. सात फुटांवर लिंटेल असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन साडेसहा फूट आत येऊ शकतं, छज्जा असेल तर कमी. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्याच खिडकीत दुपारी ऊन शिरत नाही.

घड्याळातले बारा म्हणजे नाशिकची मध्यान्ह नव्हे, हेही लक्षात ठेवा. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७४ च्या थोडं अलीकडे. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो सरासरी १२.३५ ला, फेब्रुवारीच्या मध्यावर तर पावणेएकच्याही थोडं नंतर.

बाहेरून इमारतीचा किंवा बंगल्याचा फोटो काढताना हिशेब सरळ होतो: पूर्वेची दर्शनी बाजू सकाळी, पश्चिमेची दुपारनंतर. उत्तरेच्या बाजूला हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळत नाही. अशा घराचा फोटो सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आतले दिवे लावून काढावा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास होतो. पावसाळ्यात फोटो चांगले येत नाहीत हाही गैरसमजच. ढगाळ दिवसाचा मऊ, सारखा उजेड घराच्या आतल्या फोटोंसाठी मला वर्षातला सगळ्यात आवडता वाटतो.

गैरसमज : सगळे दिवे लावले की खोली उजळ दिसते

खोली उजळते, पण रंग बिघडतात. आपल्या घरांतली पांढरी ट्यूब बहुतेक ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर. सीलिंगमधले पिवळे दिवे २७०० ते ३००० चे. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५५०० चा. तिन्ही एकत्र आले की एकाच पांढऱ्या भिंतीवर तीन रंग दिसतात, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्यातला एकच सुधारू शकतो. दिवसा दिवे बंद करा, पडदे पूर्ण उघडा. अंधार वाटतो तो डोळ्यांना; कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर आयएसओ १००, एफ ८ आणि अर्ध्या-एक सेकंदाच्या शटरने तीच खोली छान उजळते. पंखा बंद ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. दिवे लावूनच काढायचं असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, हे त्या पट्ट्यांचं कारण.

खिडकी पांढरी पडते म्हणून एचडीआर करतात. भर उन्हात बाहेर १ लाख लक्सच्या घरात उजेड असतो आणि खोलीत आतल्या बाजूला शंभर-दोनशे लक्स. एका फोटोत हे मावणं अवघड. कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो जोडणं हा योग्य उपाय आहे, पण आत आणि बाहेर अगदी सारखाच उजेड दिसू लागला की घर निर्जीव, राखाडी होतं. खिडकी खोलीपेक्षा थोडी उजळ राहू द्या.

गैरसमज : नंतर एडिटिंगमध्ये काहीही करता येतं

करता येतं, पण करू नये. वाळत घातलेले कपडे, कचऱ्याचा डबा, फरशीवरचा डाग या उद्या हलणाऱ्या गोष्टी फोटोतून काढायला हरकत नाही. भिंतीवरची ओल, बाल्कनीसमोरचा ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या गच्चीवरचा मोबाईल टॉवर या घराबरोबर येणाऱ्या गोष्टी आहेत. गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असेल तर जरूर दाखवा, पण बेडरूमच्या खिडकीत तो चिकटवू नका.

इथे प्रश्न सभ्यतेपुरता राहत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. जुन्या घराच्या विक्रीला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच: आपल्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असं त्याचं कलम ५५ म्हणतं. ओल रंगाखाली झाकून वर फोटोतूनही पुसली, तर दोष लपवल्याचा पुरावा आपणच तयार करून ठेवतो.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. फुल एचडी स्क्रीन सुमारे २० लाख पिक्सेलची असते, त्यामुळे १२ मेगापिक्सेलचा फोन पुरेसा आहे. लेन्स रुमालाने पुसा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो.

गैरसमज : छोटा ड्रोन कुठेही उडवता येतो

बंगला किंवा प्लॉट असला की ‘वरून एक घ्या ना’ असं हमखास म्हणतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्राची सूट आहे, पण ही सूट चालवणाऱ्यापुरती आहे, जागेला नाही. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या आणि यलो झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय कोणताच ड्रोन उडवता येत नाही. नाशिकमध्ये गांधीनगरला लष्करी हवाई प्रशिक्षणाचा तळ आहे, देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. इंदिरानगर यांच्या शेजारीच आहे. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’वरचा या झोनचा नकाशा पाहिल्याशिवाय मी ड्रोन बॅगेतून काढत नाही. शेजारच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, तिथल्या सेक्रेटरींना विचारून काढलेला फोटो बहुतेक वेळा पुरतो.

फोटो देण्यापूर्वी त्यांत काय दिसतंय ते पुन्हा एकदा बघा. फ्रिजवर चिकटवलेलं शाळेचं वेळापत्रक, मुलांचे फोटो, टेबलावरचं बँकेचं पाकीट, दाराजवळच्या किल्ल्या हे अनोळखी माणसांपर्यंत जायला नको.

आणि फोटोंवर हक्क कोणाचा, यावरून वाद होतात. फोटोग्राफरने काढले म्हणजे कायम त्याचेच, असं अनेकांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याचा असतो. एजंटने सांगून पैसे दिले असतील तर तो एजंटचा, घरमालकाने दिले असतील तर मालकाचा. एजंट बदलल्यावर तेच फोटो वापरता येतील का, हे काम सुरू होण्याआधी एका मेसेजमध्ये लिहून घ्या.