आलिशान गाडी आता इलेक्ट्रिक घ्यावी का? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केळापूर तालुक्यात, त्यातही पांढरकवड्यात, मोठ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिलेल्या नाहीत. जिनिंगवाले, कंत्राटदार, डॉक्टर, व्यापारी अशा अनेकांच्या दारात पन्नास लाखांच्या पुढची डिझेल एसयूव्ही दिसते. ती जुनी झाली, की घरात प्रश्न निघतो : या वेळी इलेक्ट्रिकच घ्यायची का?

हा प्रश्न आता टाळता येत नाही. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात इलेक्ट्रिक 'ईक्यूसी' आणली. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, 'ईक्यूएस' पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. बीएमडब्ल्यूच्या 'आयएक्स१'ची लांब व्हीलबेसची आवृत्ती २०२५ मध्ये ४९ लाखांना बाजारात आली आणि त्याच वर्षी जुलैत टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले. पर्याय वाढले आणि त्यांच्यासोबत ऐकीव गोष्टीही वाढल्या. एवढी मोठी रक्कम ऐकीव माहितीवर खर्च होऊ नये, म्हणून नेहमी कानावर पडणारे आठ समज इथे तपासले आहेत.

गैरसमज १ : 'महागड्या इलेक्ट्रिक गाडीवर आता राज्याचा ६ टक्के कर लागतो.'

वस्तुस्थिती : मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित होता, हे खरे. पण त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. प्रस्तावाची बातमी घरोघरी पोहोचली, माघारीची तेवढी पोहोचली नाही. त्यानंतर आलेल्या राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात २०३० पर्यंत या गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे.

हा फरक लहान नाही. २० लाखांवरच्या वैयक्तिक डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के आणि पेट्रोल गाडीला १३ टक्के कर आहे. ८० लाखांच्या डिझेल गाडीवर तो १२ लाख होतो. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादाही २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. जीएसटीचे गणितही असेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के, तर इलेक्ट्रिकला किंमत कितीही असली तरी ५ टक्के.

गैरसमज २ : 'केंद्राची सबसिडी मिळते, शिवाय कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आहे.'

वस्तुस्थिती : दोन्ही विसरा. केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत खासगी मोटारींसाठी अनुदान नाही. आधीच्या 'फेम-२' योजनेतही चारचाकींचे अनुदान व्यावसायिक वापरापुरते होते. कर्जाच्या व्याजावरील दीड लाखांपर्यंतची वजावट आयकराच्या कलम ८०ईईबीखाली होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच. आज कुणी हे फायदे धरून हप्त्याचा हिशेब मांडून देत असेल, तर तो कागद परत करा.

गैरसमज ३ : 'इलेक्ट्रिकला टोल नाही.'

वस्तुस्थिती : राज्याच्या धोरणात पूर्ण टोलमाफी तीन मार्गांवर आहे : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग. आपल्या दारातून जाणारा नागपूर-हैदराबाद रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे आणि त्यावरचा टोल केंद्राच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे हिंगणघाटमार्गे नागपूरला जा किंवा पाटणबोरीवरून तेलंगणात उतरा, टोल भरावाच लागतो. वर्षातून दोनदा समृद्धीने मुंबईला जाणाऱ्याला माफीचा लाभ थोडा आहे. रोजच्या नागपूर फेऱ्यांना तो शून्य आहे.

गैरसमज ४ : 'कंपनी ८५० किलोमीटर म्हणते, म्हणजे हैदराबादला जाऊन-येऊन होईल.' किंवा उलट : 'नागपूरलाही पोहोचणार नाही.'

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चूक आहेत. जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीचक्रावर मोजलेला असतो. भारतीय चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग त्याहून खूप कमी असतो. चौपदरी महामार्गावर १०० च्या वेगाने, एसी लावून जाताना खप वाढतो. ईक्यूएस ५८० ची चाचणीतली पल्ला-नोंद ८५७ किलोमीटर आहे. तिच्या १०७.८ युनिटच्या बॅटरीला महामार्गावर दर १०० किलोमीटरला २० युनिट धरले, तर पूर्ण चार्जवर सुमारे ५४० किलोमीटर निघतात.

आता लहान बॅटरी घेऊ. आयएक्स१ ची बॅटरी सुमारे ६५ युनिटची. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १० टक्के शिल्लक ठेवायची ठरवली, तर ५८ युनिट हाताशी असतात. १०० किलोमीटरला १८ युनिट धरले तर ३२० किलोमीटरच्या आसपास. पांढरकवडा ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे जाणे-येणे कसेबसे बसते. शहरातली फिरफिर धरली, तर नागपुरात थोडे चार्जिंग करावेच लागेल. हैदराबाद साडेतीनशेच्या घरात आहे, तिथे वाटेत एक थांबा ठरलेला.

त्या थांब्याचाही हिशेब आधी करा. ईक्यूएस २०० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के साधारण अर्ध्या तासात भरते. तीच गाडी ६० किलोवॉटच्या चार्जरला लावली, तर ७५ युनिट भरायला सव्वा तासाहून जास्त जातो. गाडी कितीही भारी असली तरी वेग चार्जर ठरवतो. राज्याच्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय हे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट आणि आज चालू असलेले यंत्र यांत फरक असतो. म्हणून गाडी बुक करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या मार्गावरचा प्रत्येक चार्जर किती किलोवॉटचा आहे, चालू आहे का आणि त्याला किती गन आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन बघा.

गैरसमज ५ : 'घरी साध्या प्लगला लावली की झाले. नाहीतर शेतातल्या मोटारीच्या लाइनवर लावू.'

वस्तुस्थिती : महावितरणचे बिल हातात घ्या आणि 'मंजूर भार' हा रकाना वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत सिंगल फेज आणि दोन-चार किलोवॉटचा भार असतो. सिंगल फेजवरचा घरगुती चार्जर ७.४ किलोवॉटपर्यंतचा आणि थ्री फेजवरचा ११ किलोवॉटचा असतो. १०० युनिटच्या पुढची बॅटरी ११ किलोवॉटवर रिकामी ते पूर्ण भरायला दहा तास लागतात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तेच काम दीड दिवसाच्या आसपास जाते. म्हणजे आधी भार वाढवून घ्या, गरज असेल तर थ्री फेज जोडणी घ्या, मग गाडी.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची. आपल्याकडे मे-जूनमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि जुने अर्थिंग कमकुवत पडते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर गाडीला वीज देण्याचेच नाकारतो. ते नाकारणे ही सुरक्षेची सोय आहे. इलेक्ट्रिशियनला 'अर्थची वायर काढून बायपास कर' असे कधीही सांगू नका. चार्जरसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी तार, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारे आरसीसीबी आणि विजेच्या कडकडाटासाठी सर्ज संरक्षक, एवढे बसवून घ्या.

आणि शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे हा विजेचा अनधिकृत वापर आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार त्यावर दुप्पट दराने आकारणी होते.

गैरसमज ६ : 'विदर्भाच्या उन्हात बॅटरी टिकणार नाही, पेट घेईल.'

वस्तुस्थिती : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी आहे. आलिशान इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा असते, ती चालताना आणि चार्ज होतानाही काम करते. बॅटरीचे खरे नुकसान होते ते १०० टक्के भरून गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवल्याने. उपाय साधे आहेत. सावलीत किंवा शेडखाली उभी करा. रोजच्या वापराला ८० टक्केच भरा आणि १०० टक्के लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री. निघण्यापूर्वी, चार्जर जोडलेला असतानाच एसी लावून गाडी गार करून घ्या. त्याची वीज बॅटरीऐवजी मीटरमधून जाते.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे, तर जिओटॅब या वाहन-माहिती कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांची नोंद तपासली. त्यात बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्के घटलेली दिसली. आलिशान गाड्यांच्या बॅटरीला साधारण ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. ईक्यूएसला ती १० वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर आहे.

आगीबद्दल स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेची २०२२ ची आकडेवारी बोलकी आहे. तिथे दर लाख इलेक्ट्रिक गाड्यांमागे सुमारे ४ आणि एकूण मोटारींमध्ये दर लाखामागे ६८ गाड्यांना आग लागली. मात्र बॅटरीने पेट घेतला, तर विझवायला पाणी खूप लागते आणि ती पुन्हा भडकू शकते. अशा वेळी दूर व्हा आणि अग्निशमन दलाला फोनवरच 'गाडी इलेक्ट्रिक आहे' असे सांगा.

गैरसमज ७ : 'वीज कोळशाचीच, मग प्रदूषण तेवढेच.' किंवा 'इलेक्ट्रिक म्हणजे प्रदूषण शून्य.'

वस्तुस्थिती : वणीचा कोळसा आपल्याच जिल्ह्यातला आणि चंद्रपूरचे औष्णिक केंद्र शेजारचे. त्यामुळे हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. १०० किलोमीटरला २० युनिट आणि चार्जिंगमधली घट धरून साडेबावीस युनिट, म्हणजे साधारण १६ किलो. लिटरला १० किलोमीटर देणारी डिझेल एसयूव्ही तेवढ्याच अंतरात १० लिटर जाळते. एका लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे जवळपास २७ किलो. मोठी बॅटरी बनवताना होणारे जादा प्रदूषण भरून निघायला काही वर्षांचा वापर लागतो, पण त्यानंतर इलेक्ट्रिक सरस ठरते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लिटरला २० किलोमीटर देणारी छोटी पेट्रोल गाडी १०० किलोमीटरला साडेअकरा किलोच सोडते. अडीच टनांची आलिशान इलेक्ट्रिक तिच्याहून स्वच्छ नाही. घरावर सौर पॅनल बसवले तर हे चित्र पालटते. १ किलोवॉटचे पॅनल महिन्याला साधारण १२० युनिट देते. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सुमारे ३४० युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॉट पुरतात. 'पीएम सूर्यघर' योजनेत त्यावर ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

गैरसमज ८ : 'डिझेलची बचतच गाडीची किंमत भरून काढेल आणि तसेही डिझेल गाडी १० वर्षांनी बंदच होणार.'

वस्तुस्थिती : वरच्याच उदाहरणात महिन्याला १५० लिटर डिझेल लागते. लिटरला ९२ रुपये धरले तर १३,८०० रुपये. ३४० युनिटला १५ रुपयांचा चढा दर धरला, तरी वीज ५,१०० रुपयांची. बचत वर्षाला लाखाच्या घरात. पण आलिशान गाडीची किंमत वापरल्याने याच्या कितीतरी पट घसरते, आणि इलेक्ट्रिकमध्ये नवे मॉडेल आले की ही घसरण आणखी तीव्र होते. दोन-तीन वर्षांत गाडी विकण्याची सवय असेल, तर इंधनातली बचत तुमच्या हाती लागणार नाही. सात-आठ वर्षे वापरणाऱ्याला ती लागते.

डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरापुरती आहे. महाराष्ट्रात नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणी होऊन तिचे नूतनीकरण करता येते. या भीतीपोटी धड चालणारी गाडी मातीमोल भावात विकू नका.

मग करायचे काय?

घरात दोन गाड्या असतील, स्वतःचे पार्किंग आणि थ्री फेज मीटर असेल, आणि बहुतेक फेऱ्या यवतमाळ, वणी, नागपूरपर्यंतच्या असतील, तर त्यातली एक गाडी इलेक्ट्रिक करायला आज हरकत नाही. कर आणि जीएसटीतला फरक तुमच्या बाजूने आहे. एकच गाडी असेल आणि दर आठवड्याला हैदराबाद किंवा पुणे गाठायचे असेल, तर मार्गावरचे चार्जर वाढेपर्यंत थांबा. हातातली डिझेल गाडी नीट चालत असेल, तर तीच वापरणे शहाणपणाचे आहे. बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी चार कागद समोर ठेवा : विजेचे बिल, नेहमीच्या मार्गावरच्या चार्जरची यादी, नागपूरच्या वर्कशॉपमध्ये हाय-व्होल्टेज दुरुस्ती होते याची लेखी खात्री आणि बॅटरीच्या हमीच्या अटी. यातला एकही कागद अपुरा असेल, तर सही करू नका.