भुकटी ज्योतीशिवाय पेट घेते तेव्हा

कार्तिक महिन्यात वाराणसीच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदीप टांगले जातात आणि पौर्णिमेला पायऱ्यांवर असंख्य पणत्या तेवतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या बिंदुमाधव मंदिरामुळे मराठी भाविकांचेही या घाटाशी जुने नाते आहे. पेटत्या ज्योतीपासून आपण मुलांना जपतोच. परंतु काही पदार्थ ज्योतीचा स्पर्श न होताही, केवळ उष्णतेने पेट घेतात. यास स्वयंप्रज्वलन म्हणतात.

असे का घडते?
अनेक पदार्थांचा हवेतील ऑक्सिजनशी संथ संयोग होत असतो व त्यातून थोडी उष्णता निर्माण होते. चिमूटभर भुकटीतील उष्णता हवेत निघून जाते. तीच भुकटी ढिगाने किंवा पोत्यात असेल, तर आतील उष्णता बाहेर पडू शकत नाही; तापमान चढत जाते आणि अखेर भडका उडतो.

म्हणूनच प्रयोगशाळेतील आंतरराष्ट्रीय चाचणीत भुकटी 10 सेंटिमीटर बाजूच्या जाळीच्या घनाकृती पात्रात भरून 140 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत 24 तास ठेवतात. तिने पेट घेतला किंवा तिचे तापमान 200 अंशांच्या वर गेले, तर ती धोकादायक ठरते. चमचाभर भुकटी तव्यावर तापवून पाहिल्याने पोत्यातील धोका कळत नाही. मात्र चेहरा, डोळे व हात भाजू शकतात. अशी परीक्षा घरी कधीही करू नये.

घरात घ्यावयाची काळजी
• न उडालेल्या फटाक्यांतील दारू काढू नये, कुटू नये, उन्हात वा चुलीजवळ वाळवू नये.
• ब्लीचिंग पावडर मूळ डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावी. तिचा तेल, आम्ल किंवा अन्य रसायनाशी संपर्क येऊ देऊ नये.
• पोटॅशियम परमँगनेट ग्लिसरीनजवळ ठेवू नये. दोन्ही मिसळल्यास आग लागू शकते.
• जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करू नये. त्या पसरून वाळवाव्यात.
• नाव नसलेली भुकटी वापरू नये, हुंगू नये.

भाजल्यास
प्रथम आगीपासून दूर व्हावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. त्वचेवर कोरडी भुकटी असल्यास आधी कापडाने हलकेच झटकावी. नंतर भाजलेला भाग 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. डोळ्यांत भुकटी गेल्यास ते न चोळता किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत.

चेहरा, डोळे, हात किंवा गुप्तांग भाजले असल्यास, अथवा बालक किंवा वृद्ध भाजले असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. भुकटीचा डबा किंवा त्यावरील नाव डॉक्टरांना दाखवावे.

आपत्कालीन साहाय्य: 112 • रुग्णवाहिका: 108 • अग्निशमन: 101