कार्ब्युरेटर बदलण्याआधी

गेल्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर, याची चर्चा झाली. शेवटी मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारलं, ‘सर, हे न्यायशास्त्र रोजच्या जगण्यात कुठे उपयोगी पडतं?’ मी म्हटलं, माझ्या गाडीच्या बॉनेटखाली. लोक हसले आणि वेळ संपली. पण मी ते गंमतीत म्हटलं नव्हतं, म्हणून आजचा तास त्यासाठीच ठेवला आहे.

माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती होऊन गेली असेल, काहींच्या दारात अजून असेल. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. पुढे २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसं कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणजे कार्ब्युरेटरवाली मारुती आज पंचवीस वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तिचा कार्ब्युरेटर समजणारे हातही कमी होत चाललेत. कुठलाही बिघाड झाला की सल्ला एकच मिळतो : ‘कार्बेटर गेलाय, नवा टाका.’ हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि तो का चुकतो हे तर्काने समजतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी गाडीने एक विचित्र खोड धरली. हायवेला उत्तम पळायची, खंबाटकीचा घाट बिनतक्रार चढायची, पण साताऱ्यात नाक्यावर थांबलं की धडधड करून बंद. पुन्हा स्टार्टर मारा, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा गजर. आमच्या सौ. एकदा उतरून चालतच घरी गेल्या. मी एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी स्क्रू फिरवून पाहिला, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी त्यांनी नवा कार्ब्युरेटर बसवला. मी पैसे मोजले, बाहेर पडलो आणि पहिल्याच चौकात गाडी बंद पडली.

आता इथे थांबून विचार करू. पण त्यासाठी हे यंत्र करतं काय, ते कळलं पाहिजे.

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. या आकड्याचा नीट अंदाज येत नाही, म्हणून असं बघा : एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या भरून हवा आणि त्यात एक बाटली पेट्रोल. हे प्रमाण सांभाळायचं, तेही कधी इंजिन गुरगुरत उभं असताना, कधी घाटात. हे सगळं करायचं विजेशिवाय, सेन्सरशिवाय, फक्त छिद्रांच्या मापावर. मला हे यंत्र सुंदर वाटतं ते यासाठी.

युक्ती साधी आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. शेजारी फ्लोटची वाटी असते, तिच्यातल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. दाबाच्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत उडतं. त्या अरुंद गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी अठराव्या शतकातला इटालियन धर्मगुरू. पदार्थविज्ञानाकडे वळण्याआधी तो चक्क तर्कशास्त्र शिकवत असे. हे कळल्यापासून बॉनेट उघडताना मला जरा हक्काने उघडल्यासारखं वाटतं. असो.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कार्ब्युरेटर हे एक यंत्र नाही, तीन-चार यंत्रांची चाळ आहे. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. गळ्यातून हवा इतकी कमी जाते की मेन जेटमधून पेट्रोल येतच नाही. त्या वेळी झडपेच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्यातून स्लो जेटचं पेट्रोल येतं. हा आयडलिंगचा मार्ग. झडप उघडत गेली की मेन जेट काम हाती घेतो. एकदम पाय दाबला तर हवा झटकन धावते, पेट्रोल मागे राहतं, म्हणून एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. आणि सकाळच्या थंड इंजिनासाठी चोक.

ज्याला सगळे ‘मिक्श्चरचा स्क्रू’ म्हणतात, तो यांपैकी फक्त पहिल्या मार्गावर बसलेला आहे. तो आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. ऐंशीच्या वेगाने चाललेल्या गाडीच्या ॲव्हरेजशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. तरी ‘ॲव्हरेज मिळत नाही’ म्हटलं की आपला मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच स्क्रूकडे जातो. का? तो हाताशी आहे आणि फिरतो म्हणून. किल्ली अंधारात हरवली आणि दिव्याखाली शोधली, त्यातला प्रकार.

आता माझ्या गाडीकडे. वेगात ठीक, आयडलिंगला बंद. म्हणजे मेन जेट, पेट्रोल पंप आणि टाकीकडून येणारी नळी यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. घाटात त्यांच्यावर जास्त ताण होता आणि तिथे ते उत्तीर्ण झाले. दोष असा हवा जो फक्त झडप मिटल्यावर दिसतो. दुसरी खूण मला मागाहून लक्षात आली : चोक अर्धा ओढला की गाडी बंद पडत नसे. चोक काय करतो? हवा अडवतो, पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. त्याने सुधारणा होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं. गाडी ‘लीन’ होती. स्पार्कचा दोष असता तर चोकने सहसा अशी सुधारणा झाली नसती.

लीन कशामुळे होईल? दोन कारणं संभवतात. एक, स्लो जेट तुंबलेला आहे, पेट्रोलच कमी येतं. दुसरं, पेट्रोल बरोबर येतं, पण कुठून तरी जास्तीची हवा चोरून आत शिरते. दोन्हींची लक्षणं हुबेहूब सारखी. आणि दुसरं कारण आयडलिंगलाच का छळतं? कारण झडप मिटलेली असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते आणि अधिकृत वाटेने येणारी हवा सगळ्यात कमी. चोरट्या फटीचा वाटा तेव्हा मोठा ठरतो. वेगात तीच फट नगण्य होते.

नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तो इथे लावायचा. कारण असताना कार्य असतं का, आणि कारण काढून घेतलं की कार्य जातं का? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात जवळपास हेच वेगळ्या नावांनी मांडलं. नवा कार्ब्युरेटर म्हणजे नवा, स्वच्छ स्लो जेट. पहिलं कारण काढून घेतलं, तरी कार्य राहिलं. म्हणजे पहिलं कारण खोटं. प्रयोग निर्दोष होता, फक्त फार महागडा.

मग मी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी विचारलं, ‘सर, नवा टाकताना खालचं पॅकिंग बदललं होतं का?’ मला कुठलं ठाऊक! त्यांनी गाडी चालू ठेवली, तेलाची कुपी घेतली आणि कार्ब्युरेटर जिथे मॅनिफोल्डवर बसतो त्या सांध्याभोवती इंजिन ऑइलचे थेंब सोडत गेले. एका कोपऱ्यात थेंब पडला आणि इंजिनचा आवाज एकदम सुधारला. तेल फटीत ओढलं गेलं, घटकाभर फट बुजली. मग पुन्हा धडधड. पुन्हा थेंब, पुन्हा सुधारणा. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत. जुनं पॅकिंग चपटं होऊन एका बाजूने फाटलं होतं, आणि त्याच फाटक्या पॅकिंगवर नवा कार्ब्युरेटर बसवला होता. पॅकिंगची किंमत सांगायलाही लाज वाटते. (काही लोक हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. कृपा करून करू नका. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो.)

उलट बाजूही पाहू. काळा धूर येतो, प्लग काजळतात, पीयूसीत गाडी नापास होते. जुन्या चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, ती ओलांडली. इथे काळा धूर आणि ‘रिच’ मिश्रण ही व्याप्ती ठीक आहे. पण पुढची उडी पाहा : मिश्रण रिच आहे, म्हणून कार्ब्युरेटर खराब आहे. ही व्याप्ती नाही. आपलं जुनं उदाहरण आठवा : धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओलं सरपण हवं. ती उपाधी. तसंच इथे. एअर फिल्टर धुळीने बुजला असेल, चोकची केबल अडकून झडप अर्धी मिटलेली असेल, तर कार्ब्युरेटर ठणठणीत असूनही मिश्रण रिच होतं. हे दोन्ही आधी बघायचं, त्याला पाच मिनिटं लागतात. ते ठीक असेल तर मग फ्लोट आणि त्याची नीडल. नीडलखाली कचरा बसला की वाटी भरून वाहते, पेट्रोलचा वास येतो. आणि धूर निळसर असेल तर ते ऑइल जळतंय, तिथे कार्ब्युरेटरचा दोषच नाही. अशी गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवून तपासू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गचके खाते, मग उचलते? मग त्या पिचकारीवर संशय घ्या. इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टर काढा, गळ्यात बघत थ्रॉटल हाताने उघडा. पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. नसेल तर पंपाचा रबरी पडदा गेलेला असतो. तो सुटा मिळतो, त्यासाठी अख्खा कार्ब्युरेटर बदलायला नको.

हे सगळं झाल्यावरच स्क्रूला हात लावायचा. प्लग साफ, टायमिंग बरोबर, फिल्टर जागेवर, इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडा, दिवे आणि एसी बंद. इंजिन बंद असताना स्क्रू हलकेच आत फिरवायचा, टेकला की थांबायचं. आवळला तर टोकावर कडा उमटते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. तिथून दीड-दोन फेरे बाहेर, ही सुरुवात. गाडी चालू करून थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग नऊशे आरपीएमच्या आसपास आणायचं. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा आत, दर वेळी थांबून ऐकायचं. इंजिन अडखळायला लागलं की पुन्हा बाहेर, आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा होईपर्यंत. वेग वाढला तर थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणायचा आणि पुन्हा एकदा हेच. शेवटी अगदी किंचित आत. पीयूसीवाल्याच्या यंत्रावर आकडा बघता आला तर उत्तम. एका वेळी एकच स्क्रू. दोन्ही एकदम फिरवले तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

स्कूटर-मोटारसायकलवाल्यांसाठी एक इशारा : स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवेचा असतो, त्याची दिशा उलटी. तिथे आत फिरवला की मिश्रण रिच होतं.

मग नवा कार्ब्युरेटर कधी घ्यायचा? थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो ते झिजून दांडा हलायला लागला, तर तिथूनही हवा चोरीला येते आणि ती कुठल्याही स्क्रूने थांबत नाही. बूड वाकलं असेल, बॉडीला तडा असेल, किंवा कुणी जेट तारेने खरवडून भोक मोठं केलं असेल, तरी बदला. जेट पितळेचा, मऊ असतो. तो क्लीनरने आणि हवेने साफ करायचा, तारेने कधीच नाही. आणि नवा घेतला तर पॅकिंग नवं, हे आता तुम्हाला सांगायला नको.

समोरून एक प्रश्न आलाय : नव्या पेट्रोलचं काय? चांगला प्रश्न आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला वजनाने नऊ पटच हवा लागते, म्हणून या मिश्रणाला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवी. इंजेक्शनची गाडी सेन्सरने हे ओळखून सावरून घेते. कार्ब्युरेटरची भोकं तेवढीच राहतात, म्हणून जुनी गाडी आपोआप लीन होते. आयडलिंगला स्क्रू थोडा बाहेर घेऊन भागतं, मेन जेटवर मात्र तो उपाय चालत नाही. शिवाय जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात, चिरतात. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून ठेवा, ते सुकून स्लो जेट बुजतो. मी गेल्या वर्षी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. त्या दिवशी काकांनी जुनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाकवून बघा. वाकवली, तर तिच्यावर बोटभर लांब चीर उघडली, आणि ती होती थेट तापलेल्या इंजिनच्या वर. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आज घरी गेल्यावर, इंजिन थंड असताना, आधी तेवढं बघा.